शिफारशीचा कर्ता : संकेतस्थळांच्या निवडीतील समूह आणि गणित

'शिफारस' हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि व्यवहारात इतका रुळला की त्याचे परकेपण आता कोणाच्या ध्यानातही येत नाही. या शब्दाच्या वाक्यरचनेकडे पाहिले तर त्याला तीन घटकांची अपेक्षा असल्याचे दिसते : शिफारस करणारा, ज्याची शिफारस करावयाची तो, आणि ज्याच्यापाशी ती करावयाची तो. यांपैकी पहिला घटक सर्वांत महत्त्वाचा होय; कारण शिफारशीला जे वजन येते ते करणाऱ्याच्या पतीवरून. निनावी शिफारसपत्राला कचेरीत कोणी विचारीत नाही. संगणकाच्या पडद्यावर 'खास आपल्यासाठी' म्हणून जी संकेतस्थळे पुढे केली जातात त्यांच्या बाबतीत मात्र हा कर्ता कोण, हे सांगता येत नाही. तो वाक्यातून केव्हा गळाला आणि कसा गळाला, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाची चर्चा बहुधा दोन पक्ष कल्पून केली जाते. एका बाजूला अल्गोरिदम, म्हणजे यंत्राने चालविलेली गणनरीती, आणि दुसऱ्या बाजूला वापरकर्त्यांचा समूह, असे ते पक्ष. ही मांडणी सोयीची आहे. परंतु १९९२ पासूनचा वृत्तांत तपासला असता ती टिकत नाही. गणित समूहाच्या विरोधात उभे राहिलेले नव्हते, ते समूहाच्या हाताखाली मदतनीस म्हणून आले होते.

प्रथम ज्या निवडीत गणित नव्हते तिच्याविषयी थोडे. १९९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यँग व डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी आपल्याला आढळलेल्या संकेतस्थळांची विषयवार यादी सुरू केली. तिचेच पुढे 'याहू' झाले. तेथे वर्गीकरणाचे काम पगारी मंडळी करीत. १९९८ मध्ये रिच स्क्रेंटा व बॉब ट्रूएल यांनी हेच काम स्वयंसेवकांकडे सोपविणारी सूची काढली. ती त्याच वर्षी नेटस्केप कंपनीने घेतली आणि 'ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट' अथवा 'डीमॉझ' या नावाने ती प्रसिद्धी पावली. ज्याला ज्या विषयाची गोडी, त्याने त्या शाखेचे संपादकत्व मागावे, स्थळे पाहावी, आणि प्रत्येकाचे एकदोन ओळींत वर्णन लिहावे, अशी ही पद्धती होती. तिच्यातील दोष उघड होते. नोंदणीसाठी पाठविलेली स्थळे महिनेच्या महिने पडून राहत; संपादक आपल्या शाखेचा वतनदार होऊन बसल्याची तक्रारही ऐकू येई. तथापि या सूचीची खरी मर्यादा निराळी होती : ती सर्वांना एकच होती. खगोलशास्त्राच्या अध्यापकाला आणि शाळकरी मुलाला तीच शाखा व तोच क्रम. शिफारस होती, करणारा होता, परंतु 'ज्याच्यापाशी' हा तिसरा घटक तिच्यात मोघम राहिला होता.

व्यक्तिगत निवडीचा उगम अन्यत्र, कचेरीतील टपालाच्या पुरात आहे. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात इलेक्ट्रॉनिक टपाल इतके वाढले की ते चाळण्यासाठी 'टॅपेस्ट्री' नावाची व्यवस्था रचावी लागली. डेव्हिड गोल्डबर्ग, डेव्हिड निकोल्स, ब्रायन ओकी व डग्लस टेरी यांनी तिचे वर्णन डिसेंबर १९९२ मध्ये प्रसिद्ध केले, आणि 'कोलॅबरेटिव्ह फिल्टरिंग' हा शब्दप्रयोग त्या निबंधामुळेच रूढ झाला. 'सहकारी गाळण' हे त्याचे शब्दशः मराठी रूप होईल. 'दहाजणांनी मिळून केलेली निवड' म्हटले तर मूळ कल्पना अधिक नेमकी सांगितल्यासारखे होईल. टॅपेस्ट्रीत वाचकाने संदेशावर टिपण जोडावे आणि दुसऱ्याने त्या टिपणाच्या आधारे आपली चाळणी लावावी, अशी योजना होती. अमक्या सहकाऱ्याने ज्यांना उत्तर दिले तेवढेच संदेश आपल्याला दाखवावेत, अशी आज्ञा वाचक यंत्राला देऊ शके. कोणाच्या मतावर विसंबावयाचे हे वाचकाने स्वतः, नाव घेऊन, ठरवावयाचे. यंत्राने केवळ निरोप्याचे काम करावयाचे. सगळे एकमेकांना ओळखत होते म्हणूनच हे शक्य झाले, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

दोनच वर्षांनी, १९९४ मध्ये, पॉल रेझ्निक, जॉन रीडल व त्यांचे सहकारी यांनी 'ग्रुपलेन्स' ही योजना मांडली. तिचे क्षेत्र यूजनेटवरील चर्चागटांचे होते; तेथे वाचक हजारोंनी असून परस्परांना अपरिचित होते. वाचलेल्या लेखाला प्रत्येकाने १ ते ५ पर्यंत गुण द्यावेत. ज्या दोघांचे गुण पूर्वी जुळले त्यांचे पुढेही जुळतील असे गृहीत धरावे. आणि त्यावरून न वाचलेल्या लेखाला वाचक किती गुण देईल याचे भाकीत यंत्राने करावे. कोणावर विसंबावयाचे, हा निर्णय येथे वाचकाकडून सहसंबंधाच्या गणिताकडे गेला. टोपणनावानेही गुण देता येत होते, कारण नावाची गरजच उरली नव्हती. मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील उपेंद्र शारदानंद व पॅटी मेस यांनी हीच रीती संगीताला लावली, आणि १९९५ च्या आपल्या निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी कर्णोपकर्णी होणाऱ्या प्रसाराच्या यांत्रिकीकरणाचा उल्लेख केला. लपवाछपवी कोणीही केली नाही. गणित हे समूहाच्या बोलण्याचेच सोयीचे रूप आहे, अशी या सर्वांची प्रामाणिक समजूत होती.

भाषेच्या अभ्यासकाला यापुढील घटना विशेष मोलाची वाटावी. १९९७ मध्ये रेझ्निक व हॅल व्हॅरिअन यांनी 'सहकारी गाळण' हा शब्द सोडून 'शिफारस-व्यवस्था' हा शब्द स्वीकारावा असे सुचविले. त्यांनी दिलेली कारणे दोन : मत देणारे व ते घेणारे यांच्यात प्रत्यक्ष सहकार्य असेलच असे नाही, ते परस्परांस अज्ञातही असू शकतात, आणि अशी व्यवस्था नकोसे वगळण्याबरोबर हवेसे पुढेही करते. दोन्ही कारणे बिनतोड आहेत. परंतु त्यांचा परिणाम असा झाला की ज्या क्षणी 'सहकार्य' नाही हे मान्य झाले, त्याच क्षणी ज्या शब्दाला माणूस कर्ता लागतो तो शब्द यंत्राला बहाल करण्यात आला. गुण देणारा शिफारस करीत नव्हता, तो फक्त स्वतःचे मत नोंदवीत होता. शिफारस आता व्यवस्था करू लागली. संशोधकांत जुना शब्दही चालूच राहिला. अर्थ निघून गेल्यावर शब्द मागे राहण्याची अशी उदाहरणे भाषेत विपुल आहेत.

त्यानंतरची गती जलद आहे. १९९८ मध्ये सर्गेई ब्रिन व लॅरी पेज यांच्या शोधयंत्राने एका पानाने दुसऱ्या पानाकडे केलेला निर्देश हाच कौल मानला. २००३ मध्ये ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी माणसामाणसांची तुलना सोडून वस्तूवस्तूंची तुलना करण्याची आपली रीती प्रसिद्ध केली. दोन्हींचा कच्चा माल मनुष्यव्यवहाराचाच होता. तो देणाऱ्याला मात्र आपण काही देत आहोत याची जाणीव असण्याची आवश्यकता राहिली नाही.

समूह व गणित एका छपराखाली नांदल्याचे, आणि पुढे त्यांची फारकत झाल्याचे, सर्वांत बोलके उदाहरण 'स्टंबलअपॉन' हे आहे. कॅनडातील कॅल्गरी येथे गॅरेट कँप व त्याच्या मित्रांनी २००१ मध्ये ते सुरू केले. या नावात गंमत आहे. चालता चालता ठेच लागावी आणि पाहावे तो खाली नाणे असावे, असा काहीसा त्या इंग्रजी क्रियापदाचा भाव. म्हणजे नाव योगायोगाचे आणि काम हिशेबाचे. सदस्याने आपल्या आवडीचे विषय नोंदवावेत, कळ दाबावी, आणि समोर एक संकेतस्थळ उघडावे. आवडल्यास अंगठा वर, न आवडल्यास खाली. यंत्र समान रुचीच्या सदस्यांचे कौल जुळवून पुढचे स्थळ निवडी. इतके ग्रुपलेन्सप्रमाणेच होते. परंतु एक भाग अधिक होता. नवे स्थळ प्रथम कोणी तरी सदस्यच व्यवस्थेत दाखल करी, त्याचा विषय ठरवी आणि त्यावर अभिप्राय लिही. सदस्यांना स्वतःची पाने होती. एकमेकांची पाने वाचणे, त्यांवर मते देणे, वाद घालणे हा अनेकांचा नित्याचा उद्योग होता. एखादे स्थळ का सुचविले गेले याचे उत्तर यंत्र देत नसे. ते उत्तर त्या अभिप्रायांत सापडे. आणि अभिप्राय पटला नाही तर लिहिणाऱ्याला तसे सांगता येई.

२००७ मध्ये ईबे कंपनीने हा व्यवसाय साडेसात कोटी डॉलरना घेतला. २००९ मध्ये कँप व इतरांनी तो परत विकत घेतला. २०१२ पर्यंत नोंदलेले सदस्य अडीच कोटींच्या घरात गेले होते. परंतु निर्णायक घटना त्यापूर्वीची, ऑक्टोबर २०११ मधील आहे. त्या महिन्यात स्थळाची पुनर्रचना झाली आणि सदस्यांच्या पानांवरील स्वतंत्र लेखन व त्यासोबतची चित्रे, म्हणजे कित्येक वर्षांचा संचय, काढून टाकण्यात आली. अंगठे राहिले. चालकांच्या दृष्टीने यात विसंगती नव्हती, कारण गणिताला कौल पुरेसा होता. कौलामागील कारण वाचण्याची सोय त्या गणितात मुळीच नव्हती. ३० जून २०१८ रोजी स्टंबलअपॉन बंद झाले. पुनर्रचना हेच त्याच्या अस्ताचे एकमेव कारण होते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. दरम्यान लोकांचे वाचन मोबाइलवर गेले होते, आणि फेसबुकसारख्या स्थळांनी शिफारशीचे काम आपल्या प्रवाहातच ओढून घेतले होते. तथापि या दोन तारखांमधील सात वर्षांत तेथे समूह होता असे म्हणता येत नाही. कौल देणाऱ्यांची संख्या होती.

येथे समूहाविषयी भाबडेपणा नको. २००४ मध्ये निघालेल्या 'डिग' या स्थळावर बातम्यांचा क्रम सदस्यांच्या मतांनी ठरे, आणि थोड्याच काळात संगनमताने मते देणाऱ्या टोळ्यांनी पहिले पान काबीज केले. ऑगस्ट २०१० मध्ये चालकांनी व्यवस्था पालटून प्रकाशनसंस्थांना थेट प्रवेश दिला, तेव्हा सदस्यांनी पहिले पान प्रतिस्पर्धी 'रेडिट'च्या दुव्यांनी भरून टाकले व पुष्कळजण तिकडे निघून गेले. समूह अन्यायी असू शकतो, हा या प्रकरणाचा एक अर्थ आहे. दुसरा अर्थ असा की त्याला रागावता येते, आणि आपण का रागावलो हे सांगताही येते. २००३ च्या 'डिलिशस' या स्थळावर सदस्य आपल्या खुणा स्वतःच्या शब्दांत लावीत; त्या लोकनिर्मित वर्गीकरणासाठी टॉमस व्हँडर वॉल यांनी २००४ मध्ये 'फोक्सॉनमी' हा शब्द घडविला. समूह जिवंत असला की तो संज्ञाही घडवितो. शिफारस-व्यवस्थेने गेल्या तीन दशकांत वापरकर्त्यांच्या तोंडी असा एखादा वर्गवाचक शब्द दिल्याचे दिसत नाही.

साधनांच्या दृष्टीने पाहता या इतिहासाचे लेखन पुढे अधिकच अवघड होणार आहे. डीमॉझ २०१७ मध्ये बंद झाले. परंतु त्याची सूची प्रथमपासून सर्वांना उतरवून घेण्यास मोकळी असल्याने तिच्या प्रती उपलब्ध आहेत, आणि 'कर्ली' या नावाने स्वयंसेवकांनी ती पुढे चालविली. १९९९ मधील एखाद्या संपादकाने एखादे स्थळ कोणत्या शाखेत घातले आणि त्याविषयी कोणती ओळ लिहिली, हे त्या प्रतींतून शोधता येते. स्टंबलअपॉनवरील जे लेखन २०११ मध्ये काढले गेले, त्यातील कारणांपर्यंत पोहोचण्याची तशी वाट अभ्यासकाला नाही. सदस्यांनी स्वतःपाशी जपून ठेवलेल्या तुरळक प्रती, आणि अन्यत्र संग्रहित झालेली काही पाने, एवढ्यावरच त्याला काम चालवावे लागेल.