एकाच गिऱ्हाइकाची कंपनी

आमच्या शाळेमागच्या मोबाईल टॉवरवर ढोलकीसारखे पांढरे गोल डबे लावलेले आहेत. आठवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, ते कशासाठी?"

आपला फोन टॉवरशी बोलतो, हे आपल्याला ठाऊक असते. पण टॉवरवरून ते बोलणे पुढे मुख्य केंद्रापर्यंत कसे जाते? एक तर जमीन खोदून केबल टाकायची, नाहीतर एकमेकांसमोर दिसणाऱ्या दोन टॉवरांवर अशा डिश बसवून सूक्ष्मलहरींनी पाठवायचे. या वाहतुकीला बॅकहॉल म्हणतात. खोदकाम वाचते, काम लवकर होते. मात्र मध्ये इमारत आली की संपर्क तुटतो आणि जोराच्या पावसात लहरी क्षीण होतात.

अशी यंत्रे बनवणाऱ्या ड्रॅगनवेव्ह या कंपनीचा इतिहास मला विचार करायला लावतो. ती 2000 साली कॅनडातल्या ओटावा शहरात सुरू झाली. नॉर्टेलसारख्या बड्या कंपनीमुळे तिथे दूरसंचाराचे जाणते अभियंते होते. पुढे 2009 मध्ये नॉर्टेलच दिवाळखोरीत गेली. त्याच सुमारास ड्रॅगनवेव्हचे दिवस मात्र फळफळले. अमेरिकेत क्लिअरवायर ही कंपनी वायमॅक्सचे जाळे झपाट्याने उभारत होती आणि तिला खोदकामाशिवाय टॉवर जोडायचे होते. ड्रॅगनवेव्हची बहुतांश विक्री या एकाच गिऱ्हाइकाला होऊ लागली.

नोव्हेंबर 2010 मध्ये क्लिअरवायरला पैशांची चणचण भासली. तिने कामगार कमी केले, विस्तार थांबवला. पुढच्या आर्थिक वर्षात ड्रॅगनवेव्हची विक्री निम्म्याहून खाली आली. यंत्रात दोष नव्हता, घेणारा थांबला होता.

सावरण्यासाठी तिने 2012 मध्ये नोकिया सीमेन्सचा सूक्ष्मलहरी विभाग घेतला. भारतातही एचएफसीएलबरोबर संयुक्त कंपनी काढली होती. पण तोटा थांबला नाही. 2017 च्या उन्हाळ्यात कंपनीचा ताबा देणेकऱ्यांच्या वतीने नेमलेल्या व्यवस्थापकाकडे गेला.

हे वाचताना मला मालेगावातले आमचे घर आठवले. अब्बांचे चार माग होते. सूत एका शेठचे, कापडही त्यालाच. दुसऱ्याकडे जायची गरजच पडली नव्हती. एके दिवशी शेठने सूत बंद केले. मागांचा खडखडाट थांबला. ती शांतता मला अजून आठवते. अम्मी आठवडाभर उधारीवर घर चालवत होती. अब्बांच्या कापडात खोट नव्हती.

आपल्या वस्त्यांत आजही कितीतरी घरे एका शेठवर, एका ठेकेदारावर उभी आहेत. काम चांगले आहे म्हणून निर्धास्त राहू नये. हात भरलेले असतानाच दुसरे गिऱ्हाईक शोधावे. रिकामे झाल्यावर भाव समोरचा ठरवतो. त्या मुलाला मी डिशचे काम सांगितले. ही दुसरी गोष्ट त्याच्या वडिलांना सांगायची राहिली आहे. त्यांचेही माग एकाच शेठचे सूत विणतात.