बिडाचा नांगर आणि निवडुंगाचा माळ

आमच्या गोठ्याच्या भिंतीला टेकून एक जुना लोखंडी नांगर उभा आहे. त्याच्या अंगावर उठावाची अक्षरे आहेत. गंज चढल्यामुळे ती डोळ्यांनी वाचता येत नाहीत, पण बोट फिरवले की 'किर्लोस्कर' हाताला लागते. सरकारी आयटीआयमध्ये मी ३१ वर्षे ओतकाम शिकवले. दरवर्षी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात याच नांगराची गोष्ट सांगायचो. निवृत्तीनंतर ती सांगायला वर्ग उरला नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

आमचे गाव तासगाव तालुक्याच्या कोरड्या अंगाला. आजोबांच्या तरुणपणी रानात बाभळीचा लाकडी नांगर चालायचा. तो माती फाडतो, पण पलटत नाही. हरळी आणि कुंदा ही तणे खोल मुळांची. वरून कापली तरी खाली जिवंत राहतात आणि पहिल्या पावसात पुन्हा डोके काढतात. लोखंडी नांगर ढेकूळच उलटे टाकतो, मुळ्या उन्हाला येतात आणि वैशाखात करपून जातात. आजोबांनी हे शेजारच्या गावी पाहिले आणि उसनवार करून नांगर आणला. वेशीतच एका भावकीतल्याने अडवले, "भुई नासवून घेताय व्हय?" आजीचीही तीच धास्ती होती. लोखंडाने जमिनीला विष लागते, अशी तेव्हा सगळ्या मुलखाची समजूत. आजोबांनी एकच पट्टी नांगरली आणि बाकीचे रान जुन्याच नांगराने केले. दिवाळीला दोन्हीकडची ज्वारी शेजारी शेजारी उभी होती. पुढच्या वर्षी तोच भावकीतला बैलजोडी घेऊन इर्जिकीला आला, कारण त्या नांगराला चार बैल लागायचे आणि आमच्याकडे दोनच होते.

हा नांगर ज्यांनी घडवला ते लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचे म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण काही रंग डोळ्यांना ओळखू येत नाहीत हे ध्यानात आल्यावर यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर ती नोकरी सोडून बेळगावला आले आणि भावाबरोबर, म्हणजे रामूअण्णांबरोबर, सायकलींचे दुकान चालवले. त्यातूनच यंत्रे घडवण्याकडे मोर्चा वळला. आधी कडबा कापायचे यंत्र केले. दुष्काळी भागात याची किंमत कळते. अख्ख्या ताटातली पाने बैल खातो आणि बुडखे पायाखाली तुडवतो. कापून टाकले की बुडखाही पोटात जातो आणि तेवढ्याच गंजीवर जनावर जास्त दिवस निघते. त्यानंतर नांगर.

पहिला नांगर खपवायला दोन वर्षे लागली. शेतकऱ्याची भीती अडाण्याची होती, असे लिहिण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. ज्याच्याकडे एकच रान आहे आणि तेही पावसाच्या भरवशावर, त्याने नव्या अवजाराला भ्यायलाच हवे. चूक झाली तर वर्ष उपाशी जाते. अशा माणसाला जाहिरात समजावू शकत नाही. त्याच्या बांधाला बांध लावून कुणीतरी आधी नांगरून दाखवावे लागते.

ओतकामाचा मास्तर म्हणून मला या नांगरात सगळ्यात जास्त आवडतो तो त्याचा फाळ. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, उन्हात तापले, मातीत घासले तरी लवकर झिजत नाही, पण ते ठिसूळ. खडकाला आपटले की टोक गेलेच. गावचा लोहार पोलाद तापवून ठोकेल, टोक वाढवेल. बीड त्याच्या ऐरणीवर फुटते. अशा वेळी सगळा नांगर अडगळीत जायचा. आमच्या नांगराचा फाळ सुटा आहे. दोन बोल्ट सोडा, नवा फाळ बसवा, पुन्हा आवळा. एक पाना पुरतो. नवा फाळ जुन्या भोकांवर तंतोतंत बसायचा असेल, तर कारखान्यात प्रत्येक साचा सारखाच पडला पाहिजे. वाळू चाळण्यापासून ओल किती ठेवायची इथपर्यंत शिस्त लागते. मुलांना मी पेटीतला साचा उघडून दाखवायचो आणि म्हणायचो, तुमच्या हातून इथे सुताएवढी चूक झाली, तर तिकडे मृग बरसत असताना एका माणसाची चाड्यावरची मूठ थांबते.

बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागली तेव्हा लक्ष्मणरावांना आसरा दिला औंधच्या संस्थानाने. भवानराव पंतप्रतिनिधी हे तिथले राजे, स्वतः चित्रकार. त्यांनी १०,००० रुपये कर्जाऊ दिले आणि कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन दिली. १९१० साली तिथे पंचवीसएक कामगार आपली बायकापोरे घेऊन उतरले. जमीन म्हणजे निवडुंगाचा माळ, आणि निवडुंगात नाग. पाण्याचा ठिकाणा नाही, दुकान नाही, शाळा नाही. कारखाना उभा करायचा तर आधी माणसे राहती करावी लागणार होती. म्हणून भट्टीबरोबर घरे, विहीर, शाळा, झाडे अशी सगळीच कामे हातात घेतली गेली. त्याच सुमारास तिकडे छोटा नागपुरात टाटांचा पोलादाचा कारखाना आणि त्याचे गाव उभे राहत होते. त्यापुढे या माळावरची किर्लोस्करवाडी चिमुकली, पण तिच्यामागे मुंबईचे भांडवल नव्हते, याची आठवण ठेवली पाहिजे.

वाडीत कोण माणसे गोळा झाली ते पाहण्यासारखे आहे. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक इंजिनिअर झाले. साधी कारकुनी करणारे मंगेशराव रेगे हिशेबाचे मुख्य झाले. शंभोअण्णा जांभेकर, के. के. कुलकर्णी अशी एकेक माणसे कामातून तयार झाली. रामूअण्णांनी वसाहतीची व्यवस्था पाहिली. आणि रात्रीच्या पहाऱ्याला होते तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दरोड्यासाठी शिक्षा भोगून आलेले दोघे. मांग आणि रामोशी या समाजांवर त्या काळी जन्मापासून संशय घेतला जाई, हजेरीचा जाच असे. अशा माणसांच्या हाती लक्ष्मणरावांनी तिजोरीचा आणि झोपलेल्या लेकरांचा पहारा दिला. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियमही त्यांचाच. १९१० च्या दशकात, सातारा-सांगलीकडच्या खेड्यात, पाणवठ्याच्या प्रश्नावर हा नियम घालणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाणवठ्यावरची भांडणे पाहिली आहेत त्यांना सांगायला नको.

नांगर आणि वसाहत यांच्यानंतरच्या तिसऱ्या गोष्टीकडे कारखान्यांच्या इतिहासात फारसे कुणी पाहत नाही. १९२० साली 'किर्लोस्कर ब्रदर्स' ही मर्यादित कंपनी झाली आणि त्याच वर्षी 'किर्लोस्कर खबर' हे छोटे पत्र सुरू झाले. शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक. सुरुवात नांगर-चरकांची खबर देण्यासाठी होती. पण वाचणारा शेतकरी, दुकानदार, मास्तर एकदा समोर दिसू लागल्यावर त्याला निव्वळ मालाची माहिती देऊन भागेना. पुढे हे मासिक 'किर्लोस्कर' झाले, १९३० मध्ये 'स्त्री' निघाले आणि १९३४ मध्ये 'मनोहर'. विज्ञाननिष्ठा, बालविवाहाला विरोध, बाईचे शिक्षण हे विषय एका ओतशाळेच्या छापखान्यातून घरोघर गेले. माझी आई चौथी शिकलेली. तिच्या ट्रंकेत 'स्त्री'चे जुने अंक शेवटपर्यंत होते, पिवळे पडलेले, कोपरे दुमडलेले.

हे सगळे गोड होते असे मी म्हणणार नाही. मालकाच्या वसाहतीत राहणाऱ्या कामगाराचे घर नोकरीला बांधलेले असते. हे मोठे परावलंबन आहे. संस्थानिकाने जमीन दिली नसती, तर कदाचित काहीच उभे राहिले नसते. आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतर या भागात ब्राह्मणांच्या घरांवर जमाव चालून गेले तेव्हा किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावण्यात आली. गावाला इतके देऊनही जातीची भिंत पुरती पडलेली नव्हती. पण कारखाना त्या माळावरून उठून गेला नाही. तो पुन्हा उभा राहिला आणि पंपांसाठी आजही तिथे चालतो. स्टेशनाला आता किर्लोस्करवाडी म्हणतात. लक्ष्मणराव १९५६ साली गेले. मुलाने, शंतनुरावांनी, उद्योग पुणे, हरिहर, बंगळूरपर्यंत नेला. तो इतिहास अनेकांनी लिहिला आहे.

मला मात्र पुन्हा त्या दोन पहारेकऱ्यांकडे यावेसे वाटते. त्याच औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत काढली. गुन्हा केलेल्या कैद्यांनी भिंतींशिवाय राहावे, शेती करावी, अशी ती कल्पना. पुढे ग. दि. माडगूळकरांच्या कथेवर व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला, त्याची प्रेरणा हीच वसाहत. माडगूळकर आटपाडीच्याच मातीतले. आणि १९३९ मध्येच राजांनी औंधच्या प्रजेला जबाबदार राज्यपद्धती दिली. कारखान्याच्या फाटकावरचा विश्वास आणि राज्यकारभारातला विश्वास हे एकाच हवेत वाढले, असे मी मानतो. ज्या मुलखात माणसावर भरवसा टाकायची सवय पडते, तिथेच असे प्रयोग टिकतात.

याच्या उलटेही मी पाहिले आहे. मी नोकरीच्या निमित्ताने दुसऱ्या एका जिल्ह्यात राहत असताना त्या गावाजवळ एक कारखाना आला. त्याने गावाची जमीन घेतली, मुलांना काम देऊ म्हणाला. माझ्या आयटीआयची पाच पोरे हौसेने गेली. प्रत्यक्षात काम कंत्राटदाराकडे, माणसे बाहेरची, आणि दोन वर्षांत शेजारच्या विहिरींचे पाणी वास मारू लागले. करसवलतीची मुदत संपली तशी यंत्रे ट्रकवर चढली. शाळेला रंग मात्र त्यांनी दिला होता, मोठ्या फलकासह.

२०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक आकाराच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले निदान २ टक्के समाजासाठी खर्च करायला सांगितले आहे. कायदा चांगला आहे. त्या पैशातून शाळा, दवाखाने झाले आहेत. पण गावाचे भले-वाईट ठरते ते उरलेल्या ९८ टक्क्यांत: माल कोणता करता, तो कुणाला परवडतो, पाणी कुठे सोडता, कामावर कुणाला घेता. किर्लोस्करवाडीने समाजकार्याचा निराळा विभाग काढला नव्हता. नांगराचा फाळ सुटा ठेवणे हीच तिची शेतकऱ्याविषयीची जबाबदारी होती, आणि पिऱ्या मांगाच्या हाती पहारा देणे हीच गावाविषयीची.

तुमच्या गावात नवा कारखाना येणार असेल तर ग्रामसभेत शाळेच्या रंगाचे आश्वासन मागू नका. उभे राहून दोन प्रश्न विचारा. तुमचा माल बिघडला तर तो आमच्या रानात, आमच्या हातांनी दुरुस्त होईल का? आणि रात्रीच्या पहाऱ्याला तुम्ही आमच्यातल्या कुणाला ठेवणार? उत्तर नीट ऐका. ते इतिवृत्तात लिहून घ्या, आणि खाली सही घ्या.