शिक्षणातला आशय कोणाचा?

रूप मोठे की आशय, हा वाद पंडितांनी खुशाल घालावा. आम्हां कामगारांत वावरणाऱ्यांना १८८२ साल आठवते. जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन ठेवले, त्यात नुसती शाळा मागितली नाही. शाळेत काय शिकवावे, तेही सांगितले. खेड्यातल्या मुलाला मोडी आणि बालबोध लिहिता-वाचता यावे, हिशेब यावा, शेतीची व आरोग्याची माहिती मिळावी. मोडी कशाला? सावकाराचे खत मोडीत असे! अंगठा उठवण्यापूर्वी ते वाचता येणे, हा आशय आम्हांला तरी पुरेसा वजनदार वाटतो. पुढे १८८५ साली महादेव गोविंद रानड्यांनी ग्रंथकारसभेचे निमंत्रण धाडले. जोतीरावांनी ते नाकारले. शूद्रातिशूद्रांनी काय सोसले हे त्या ग्रंथकारांना ठाऊकच नाही, असे त्यांचे म्हणणे होते.