मांडवातली गिटार

निजामी अमदानीत ज्या बिलोलीच्या कचेरीत उर्दू, बाजारात तेलुगू आणि घरात मराठी अशी तीन भाषांची वहिवाट बहुधा एकाच माणसाच्या जिभेवर सुखेनैव नांदत असे, त्या तालुक्याच्या गावी लग्नाच्या पंगती बसल्या की लाऊडस्पीकरवाल्याने गाण्याची तबकडी उतरवून गिटारवर वाजविलेल्या सिनेमाच्या चालीची तबकडी चढवावी, हा दस्तूर पुढील काळात इतका अंगवळणी पडला की त्यालाही काही पूर्वपीठिका असेल, ही शंका कोणास आली नाही.

लखनौचे व्हॅन शिपले हे व्हायोलिनही तितक्याच अधिकाराने वाजवीत. परंतु हिंदुस्थानातील आद्य इलेक्ट्रिक गिटारवादकांत त्यांची गणना होते ती लोकप्रिय गीतांच्या चाली त्यांनी तारांवर उतरविल्या म्हणून. पुण्याचे इनॉक डॅनियल्स त्यांच्याबरोबर अ‍ॅकॉर्डियन वाजवीत. हजारासिंग आणि कलकत्त्याचे सुनील गांगुली यांनी हवाईयन गिटारवर हाच मार्ग चोखाळला. हे वाद्य मांडीवर आडवे ठेवून डाव्या हातातील पोलादी कांडी तारांवरून सरकवावी लागते. पडद्यांच्या बंधनातून सुटलेला स्वर त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जातो, आणि परदेशी वाद्यातून आपल्या कानाला ओळखीची मींड ऐकू येते. लाखेच्या तबकडीच्या एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटांत एकच चाल मावे आणि दर खेपेस सुई बदलावी लागे. दीर्घध्वनिमुद्रिका आल्यावर मात्र एकाच तबकडीवर निरनिराळ्या संगीतकारांच्या डझनभर चाली एकत्र नांदू लागल्या.

१९५२ च्या सुमारास बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी नभोवाणीमंत्र्यांच्या अमलात आकाशवाणीवरून चित्रपटगीत हद्दपार झाले आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. (अभिजात संगीताविषयी त्यांची कळकळ खरी होती, उपाय मात्र शाळामास्तरी होता.) ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीचीच विविध भारती ही सेवा सुरू झाली. दोन कार्यक्रमांच्या सांध्यात मिनिटभर उरले की तेथेही गिटारच कामास येई.

गिटारवरच्या सिनेसंगीताचा दुसरा एक प्रकार तुलनेस घ्यावा. ब्रिटिश रॉक गिटारवादक मार्क नॉफ्लर यांनी ‘लोकल हीरो’, ‘कॅल’ इत्यादी चार चित्रपटांसाठी स्वतः रचलेले संगीत निवडून १९९३ मध्ये ‘स्क्रीनप्लेइंग’ या संग्रहात प्रसिद्ध केले. ते संगीत बहुतांशी प्रथमपासूनच निःशब्द होते. आमच्या वादकांनी मात्र चाली घेतल्या दुसऱ्यांच्या आणि त्यांतील शब्द तेवढे काढून ठेवले. रसिक त्यांना अनुकरणाचा दोष देतात, पण मला त्यांचे काम अधिक बिकट वाटते. गाणे ज्यास तोंडपाठ आहे, अशा श्रोत्यासमोर गाणाऱ्याचा श्वास, शब्दावरचा आघात आणि ओळीअखेरचे थांबणे तारेतूनच उमटवावे लागते.

१९५६ च्या प्रांतरचनेत बिलोलीच्या शेजारचा मुधोळ तालुका आंध्रात गेला, तरी वऱ्हाडे तिकडून इकडे येतच राहिली. बॅटरीवरचा कर्णा खरखरत असे, पंगतीत दोन भाषांतून आग्रह चाले, आणि गिटारने अर्ध्यावर सोडलेली ओळ वरणाची बादली घेऊन निघालेला वाढपी पुटपुटत पुरी करी.