मळ्यातील अवजारांची राखण : काल व आज

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत संतचरित्रे, समाजसुधारकांचे कार्य, गुणवंतांचे सत्कार असे विषय नेहमी येतात. त्या पंक्तीत कुदळ, पहार, मोट आणि पाण्याची मोटार यांच्या चोरीचा विषय घेऊन बसणे कित्येक वाचकांस विचित्र वाटेल. परंतु ज्या समाजाचे पोट पिढ्यान्‌पिढ्या मळ्यावर चालले, फुलमाळी, जिरेमाळी, हळदेमाळी अशी ज्याच्या पोटभेदांची नावेसुद्धा पिकांवरून पडली, त्या समाजाचा इतिहास केवळ थोर पुरुषांच्या चरित्रांत मावणारा नाही. त्याचा काही भाग अवजारांच्या कोपऱ्यातही पडून आहे. अरणच्या सावता महाराजांना मळ्याच्या कामातच विठ्ठल दिसला. ज्या साधनांनी ते काम होते, त्यांची राखण हा विषय मग हलका कसा मानावा?

प्रथम जुन्या काळाकडे पाहू. मळ्यातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे मोट. तिचे कातडे, तिला ओढणारा जाड नाडा, सोंडेची दोरी म्हणजे सोंदूर, वरचे चाक व कणा, यांपैकी एक वस्तू गेली तरी त्या दिवसाचे पाणी बंद. भर चैत्रात चार दिवस पाणी चुकले की भाजीचा वाफा माना टाकी. म्हणून चोरी झाली तर नुकसान नाड्याच्या किमतीचे होत नसे, ते हंगामाचे होई. हे ओळखूनच जुनी माणसे वागत. सायंकाळी औत सोडताना माझे वडील वखराची लोखंडी पास काढून खांद्यावर टाकून घरी आणीत. लाकडी सांगाडा मात्र रानातच राही. लाकडाला कोण हात लावणार? लोखंड दुर्मिळ, म्हणून जपायचे ते लोखंड.

या दक्षतेस गावाच्या व्यवस्थेचा आधार होता. वेशीवर येसकर आणि रात्री जागल्या असे. चोरी झाली की पावलांचा माग काढीत जावयाचे, आणि माग शिवेपर्यंत गेला की तो पुढील गावाच्या स्वाधीन करावयाचा. त्या गावाने माग पुढे न्यावा, नाही तर भरपाई द्यावी. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीचे वर्णन आहे. राखणदाराकडून भागली नाही तर उरलेली रक्कम साऱ्या गावावर बसे. यात अन्याय होतो, गरीब गावास एवढा भार झेपत नाही, हेही त्याने नोंदविले आहे. आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. तरी गावगाड्याची घडण दोहीकडे बरीचशी सारखी होती. पुढे आपल्याकडे वसुलीस माली पाटील आणि बंदोबस्तास पोलीस पाटील असे दोन पाटील असत. (यातील ‘माली’चा आपल्या ज्ञातीशी संबंध नाही. तो ‘माल’ म्हणजे महसूल यावरून आलेला शब्द आहे.)

या व्यवस्थेचे दोन गुण ध्यानात घेण्याजोगे आहेत. एक, चोरी हे एकट्याचे दुर्दैव नसून गावाचे देणे समजले जाई. दुसरा, प्रत्येक वस्तूस ओळख होती. खुरपे गावच्या लोहाराने ठोकलेले, दांडा सुताराने बसविलेला, दोर गावातच वळलेला. चोरलेला विळा शेजारच्या गावी विकावयास गेला तरी तेथील लोहार घडणीवरून सांगे, हा अमक्याच्या भट्टीतला. असा माल पचविणे सोपे नव्हते.

परंतु त्या काळाचे केवळ गोडवे गाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ब्रिटिश सरकारने १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण कागदावरून गेलेली गोष्ट मनातून इतक्या लवकर जात नाही, याचा एक दाखला माझ्याच घरचा आहे. मी आठ-दहा वर्षांचा असताना आमची नवी पहार नाहीशी झाली. त्याच सुमारास गावाबाहेर काही भटक्या कुटुंबांची पाले उतरली होती. कोणी काही पाहिले नव्हते. तरी चार माणसे गेली, पाले उलथीपालथी केली, भांडीकुंडी फेकली. त्या माणसांत माझे वडीलही होते. काही सापडले नाही. ती कुटुंबे रात्रीच लेकराबाळांसह निघून गेली. पुढे वैशाखात विहिरीचा गाळ काढताना तळाशी पहार निघाली. मोटेचा कणा बसविताना ती काठावर राहिली होती, हे वडिलांना तेव्हा आठवले. ते दिवसभर जेवले नाहीत. पुढे प्रत्येक खंडेनवमीस अवजारे पूजेला मांडताना ती पहार ते सर्वांच्या पुढे ठेवीत, आणि आम्हा भावंडांना म्हणत, “आधी मोजा, मग शोधा, मग बोला.” मी जवळजवळ पस्तीस वर्षे मुलांना शिकविले, पण याहून मोठा धडा मला कोणत्या क्रमिक पुस्तकात सापडला नाही.

आता आजच्याकडे वळू. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि कारखान्यातील लोखंडी नांगर महाराष्ट्राच्या रानात आले. त्यांनी श्रम वाचविले. पण एकाच साच्यातील हजार नांगरांत आपला कोणता, हे ओळखणे कठीण झाले. मोट गेली, इंजिन आले, मग विजेची मोटार आली. आमच्या विष्णुपुरीस गोदावरीवर बंधारा होऊन शंकरसागर जलाशय झाला, उपसा सिंचनाची योजना झाली. १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही येथेच स्थापन झाले. जेथे काळेश्वराच्या घाटाजवळ रात्री केवळ नदीचा आवाज येई, तेथे आज रस्त्यावर रात्रभर वाहने धावतात. अनोळखी माणूस दिसला तर पूर्वी हटकीत असत. आज कोणी कोणास हटकावे?

मोटारीच्या चोरीचे स्वरूपही निराळे आहे. चोरास मोटार नको असते, तिच्यातील तांब्याची तार हवी असते. मोटार फोडून, वायरीचे रबर जाळून तांबे भंगारात गेले की त्यास ना मालकाची खूण, ना लोहाराची घडण. हातात पडते किमतीच्या मानाने थोडे, पण शेतकऱ्याचे केळीचे वा हळदीचे पीक उभे वाळते. माझीही एक मोटार अशीच गेली. तक्रार नोंदविताना मला नंबर विचारला. तो माझ्याजवळ नव्हता, पावतीही नव्हती. मुलांच्या हजेरीचा पट आयुष्यभर बिनचूक ठेवणाऱ्या शिक्षकाकडे स्वतःच्या मोटारीची नोंद नसावी, याची मला त्या दिवशी लाज वाटली.

कायदा अगदीच मुका नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० अन्वये कर्जाच्या हुकूमनाम्यातही शेतकऱ्याची आवश्यक अवजारे, बैल व बियाणे जप्तीतून वगळलेली आहेत. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३०३ प्रमाणे चोरास आणि कलम ३१७ प्रमाणे चोरीचा माल जाणूनबुजून घेणारासही तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे भंगार घेणाराही सुटत नाही. पण माल आपला आहे हे सिद्ध करणे आपल्याकडेच राहते.

यास्तव ज्ञातिबांधवांस माझ्या नम्र सूचना अशा. प्रत्येक मोटारीवर नाव व गट क्रमांक पक्का कोरून घ्यावा. नंबर वहीत लिहावा, पावती जपावी, छायाचित्र काढून ठेवावे. वायर शक्य तेथे जमिनीत पुरावी. हंगाम संपला की मोटार काढून घरी आणावी. फावडी, कोयते, फवारणीचे पंप आखाड्यावर उघडे न टाकता कुलपात ठेवावेत. नदीकाठच्या आठ-दहा शेजाऱ्यांनी, मग ते कोणत्याही ज्ञातीचे असोत, पाळीपाळीने रात्रीची फेरी धरावी. गावाच्या देण्याची जुनी भावना याच रूपाने जगविता येईल. आणि वर्षातून एकदा, खंडेनवमीस, हळदकुंकू वाहण्यापूर्वी सर्व अवजारे मोजून वहीशी ताडून पाहावीत. आपल्या पूर्वजांनी पूजेच्या निमित्ताने हीच मोजदाद घालून दिली असावी, असे मला वाटते.

ती पहार आजही माझ्या घरी आहे. तिचे टोक झिजून बोथट झाले आहे. अवजार हरवले तर पुन्हा घेता येते. निरपराध माणसावर घेतलेला आळ मात्र परत घेता येत नाही, एवढे तिने आमच्या घरास शिकविले. यंदाच्या खंडेनवमीस माझ्या नातवाने वहीत पहिली नोंद तिचीच केली आहे.