डीओ महाविद्यालय निवडताना आधी रुग्णालये पाहा

अमेरिकेत डॉक्टर होण्याचे दोन मार्ग आहेत. एक 'एमडी' पदवीचा, तर दुसरा 'डीओ' अर्थात 'डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन' या पदवीचा. दोन्ही पदवीधरांना तेथील सर्व ५० राज्यांत औषधोपचार आणि शस्त्रक्रियेसह संपूर्ण वैद्यकीय व्यवसायाचा अधिकार आहे. ब्रिटनमधील 'ऑस्टिओपॅथ' हा मात्र या अर्थाने डॉक्टर नसतो. दोहोंची गल्लत करू नये. अमेरिकेतील वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश विद्यार्थी आज डीओ महाविद्यालयांत शिकत आहेत. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांपुढेही हा पर्याय असतो. प्रवेश घेताना शुल्क, शहर आणि परीक्षांचे निकाल यांची चौकशी होते. शेवटची दोन वर्षे विद्यार्थी नेमका कोठे आणि कोणाच्या हाताखाली शिकणार, हा प्रश्न मात्र अनेकदा राहून जातो.

महाविद्यालय एकीकडे, रुग्णालय दुसरीकडे

आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की त्याचे रुग्णालय गृहीतच असते. मुंबईत ग्रँट महाविद्यालयाला जे. जे., सेठ जी. एस. महाविद्यालयाला केईएम, तर पुण्यात बी. जे. महाविद्यालयाला ससून. अमेरिकेतील डीओ महाविद्यालयांचे चित्र वेगळे आहे. डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल या छोट्या गावी पहिले ऑस्टिओपॅथिक महाविद्यालय सुरू केले. आजही या शाखेची कित्येक महाविद्यालये लहान शहरांत असून बहुतेकांकडे स्वतःचे मोठे रुग्णालय नाही. पहिली दोन वर्षे वर्गात शिकवून विद्यार्थ्यांना पुढील दोन वर्षांसाठी करारबद्ध रुग्णालयांत पाठविले जाते. ही रुग्णालये शेकडो मैल दूर, प्रसंगी दुसऱ्या राज्यातही असू शकतात.

या काळात मेडिसिन, शल्यचिकित्सा, बालरोग, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र, मनोविकार आणि फॅमिली मेडिसिन या विभागांत काही आठवड्यांच्या पाळ्या होतात. आपल्याकडे ज्याला 'पोस्टिंग' म्हणतात, तेच हे 'क्लिनिकल रोटेशन'.

पद्धतींतील फरक

रोटेशनची ढोबळमानाने दोन रूपे आढळतात. पहिल्या पद्धतीत विद्यार्थी वॉर्डातील पथकाचा भाग असतो. वरिष्ठ डॉक्टर, निवासी डॉक्टर आणि विद्यार्थी एकत्र राउंड घेतात. रुग्णाची माहिती मांडणे, नोंदी लिहिणे, रात्रपाळी करणे हे सारे अंगवळणी पडते. दुसऱ्या पद्धतीत विद्यार्थी एकाच डॉक्टरसोबत त्याच्या दवाखान्यात काम करतो. येथे स्वतः हाताळण्याची संधी बरेचदा अधिक मिळते. पण सारे त्या एका डॉक्टरच्या शिकविण्याच्या तयारीवर अवलंबून राहते आणि निवासी डॉक्टरांच्या कामाची ओळख होत नाही. बहुतेक महाविद्यालयांत दोन्हींचे मिश्रण असते. प्रमाण किती, हे विचारून घ्यावे लागते.

मिशिगन स्टेट विद्यापीठाचे ऑस्टिओपॅथिक महाविद्यालय विद्यार्थ्यांना राज्यातील निरनिराळ्या 'बेस हॉस्पिटल'शी जोडून देते. याउलट ए. टी. स्टिल विद्यापीठाच्या ॲरिझोनातील महाविद्यालयात पहिले वर्ष मेसा येथे होते आणि दुसऱ्या वर्षापासूनच विद्यार्थी देशभरातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत जातात. प्राथमिक आरोग्यसेवेची ओढ असलेल्यास दुसरी रचना मानवेल. अतिविशिष्ट शल्यशाखेकडे जाऊ पाहणाऱ्याने मात्र मोठ्या रुग्णालयातील काम कोठे व किती मिळेल, हे आधीच तपासलेले बरे.

महत्त्व का वाढले?

२०२० मध्ये डीओ आणि एमडी यांच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाची मान्यता-व्यवस्था पूर्णतः एक झाली. त्यामुळे निवासी डॉक्टरांच्या जागांसाठी दोन्ही पदवीधर एकाच व्यवस्थेत स्पर्धा करतात. पुढे २०२२ मध्ये एमडी विद्यार्थ्यांची 'यूएसएमएलई स्टेप १' आणि डीओ विद्यार्थ्यांची 'कॉमलेक्स लेव्हल १' या दोन्ही परीक्षांचे गुण देणे थांबून केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल लागू लागला. साहजिकच दुसऱ्या टप्प्यातील परीक्षा, रोटेशनमधील शेरे आणि डॉक्टरांची शिफारसपत्रे यांचे वजन वाढले. या तिन्ही गोष्टी तिसऱ्या-चौथ्या वर्षातील अनुभवावरच उभ्या असतात. निवासी जागांसाठीचे अर्ज चौथ्या वर्षाच्या आरंभी, सप्टेंबरमध्ये जात असल्याने तिसरे वर्ष वाया गेल्यास ते भरून काढण्यास फारसा अवधी उरत नाही.

हे प्रश्न विचारावेत

१. रोटेशनची ठिकाणे कोणती आणि ती कशी वाटली जातात? सोडतीने, पसंतीक्रमाने की गुणांनुसार? कौटुंबिक अडचण असल्यास विचार होतो का?

२. सर्व मुख्य विषय एकाच शहरात होतात, की दर काही आठवड्यांनी मुक्काम हलवावा लागतो? घरभाडे व प्रवासाचा भार कोणावर?

३. त्या रुग्णालयात निवासी डॉक्टर आहेत का? कोणत्या विभागांत?

४. रोटेशन महाविद्यालय लावून देते, की विद्यार्थ्याने स्वतः डॉक्टर शोधायचे? मुख्य विषयांसाठी असे करावे लागत असेल, तर ती धोक्याची खूण समजावी.

५. चौथ्या वर्षी अन्य रुग्णालयांत जाऊन काम करण्यासाठी किती आठवडे मोकळे मिळतात? निवासी जागा जिथे हवी, तिथे आधी काम करून दाखविण्याची संधी हीच असते.

६. महाविद्यालयाने एखाद्या रुग्णालयाशी केलेला करार अलीकडे संपुष्टात आला आहे का? रुग्णालय बंद पडल्यास पर्यायी व्यवस्था काय?

उत्तरे कोठे मिळतील?

डीओ महाविद्यालयांना मान्यता देणाऱ्या आयोगाच्या निकषांनुसार कॉमलेक्सचे निकाल आणि निवासी जागा मिळविणाऱ्यांचे प्रमाण महाविद्यालयाला जाहीर करावे लागते. मात्र 'जागा मिळाली' एवढ्यावर समाधान मानू नये. कोणत्या शाखेत मिळाली, हेही पाहावे. पहिली तुकडी बाहेर पडायची असलेल्या नव्या महाविद्यालयांकडे असे आकडे नसतात. त्यामुळे तेथे रुग्णालयांशी झालेल्या करारांची चौकशी अधिक बारकाईने करणे इष्ट.

सर्वांत भरवशाची माहिती तिसऱ्या आणि चौथ्या वर्षातील विद्यार्थ्यांकडून मिळते. मुलाखतीच्या दिवशी भेटणारे विद्यार्थी बहुधा पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे असतात आणि त्यांनी रुग्णालय पाहिलेले नसते. म्हणून वरच्या वर्गातील किमान दोघा-तिघांशी, तेही वेगवेगळ्या ठिकाणी काम करणाऱ्यांशी, बोलू देण्याची विनंती प्रवेश विभागाला करावी. एकाच महाविद्यालयाच्या दोन केंद्रांवरील शिक्षणात दोन महाविद्यालयांइतके अंतर असू शकते. तेव्हा तुलना महाविद्यालयांच्या नावांची न करता, जेथे प्रत्यक्ष जावे लागणार त्या रुग्णालयांची करावी.