हैदराबादचे मराठी बिऱ्हाड

निजामाच्या राज्यातून पुण्या-मुंबईला निघालेल्या माणसाला आधी पैसे बदलून घ्यावे लागत. नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडच्या शेतकऱ्याच्या कनवटीला असायचा तो हाली सिक्क्याचा रुपया. पलीकडे इंग्रजांचा कलदार चाले आणि सहा कलदार रुपयांना सात हाली रुपये मोजावे लागत. टपालाची तिकिटे वेगळी, कचेरीतल्या कागदावरचे सनही वेगळे. निजामाच्या राज्यात फसली वर्ष चाले, महिने आजूर, दै, बहमन असे, आणि आठवड्याची सुटी शुक्रवारी. हैदराबादला जायचे असले तर यातले काहीच बदलावे लागत नसे. तिथे पोहोचल्यावर बदलायची ती फक्त भाषा.

१९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत हैदराबाद ही मुखेड, कंधार, देगलूर, उदगीर, निलंग्याची राजधानी होती. जमिनीच्या दाव्याचे शेवटचे अपील तिथे चाले. पदवीपर्यंतचे शिक्षण तिथे, वरची नोकरी तिथे. मोठ्या दुखण्यासाठी १९२५ नंतर मुसी नदीकाठचे उस्मानिया रुग्णालय होते. शतकाच्या सुरुवातीला गोदावरी खोऱ्यातून मनमाडपर्यंत मीटरगेज रेल्वे झाली, तेव्हापासून नांदेडला गाडीत बसलेला माणूस मुदखेड, निजामाबाद मागे टाकत थेट राजधानीत उतरू लागला. मुखेडला स्वतःचे रेल्वे स्थानक नव्हते. गाडी गाठायची तर आधी बैलगाडीने नांदेडची वाट धरावी लागे.

अशा रीतीने गेलेल्या आणि तिथेच राहिलेल्या घरांचा इतिहास मराठवाड्यात फारसा सांगितला जात नाही. हैदराबाद म्हटले की रझाकार, सत्याग्रह, पोलीस कारवाई हे विषय निघतात. ते निघायलाच हवेत. पण मुक्तिसंग्रामाला जेवढी पाने मिळाली त्याच्या निम्मीही या बिऱ्हाडांच्या वाट्याला आली नाहीत, आणि हे उणे मोठे आहे. कारण मराठवाड्याचे वकील, प्राध्यापक, संपादक आणि पुढारी यांच्या किमान दोन पिढ्या त्याच बिऱ्हाडांत घडल्या.

हैदराबाद मुळात बाहेरून आलेल्यांनीच भरलेले शहर होते. अरबस्तानातल्या हद्रामौतहून आलेले शिपाई बारकस वस्तीत राहत. उत्तरेकडचे कायस्थ हिशेबाची दप्तरे सांभाळत. मारवाडी आणि गुजराती पेढीवाले बेगम बाजारात होते. मराठी माणूस यांच्यातला नवखा नव्हता. आसफजाही दरबारात महसुलाचे दप्तर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारे रायरायान हे मूळचे देशस्थ मराठी घराणे. शालीबंड्याजवळची त्यांची देवडी, म्हणजे हवेली, हे जुन्या शहरातले नामांकित ठिकाण. या घराण्याने दरबाराची फारसी, उर्दू आणि दरबाराचा पोशाख आपलासा केला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेली माणसे वेगळी. ती दरबारात नव्हे, कोर्टात शिरली. त्यांतले सर्वांत ठळक नाव केशवराव कोरटकरांचे. त्यांचा जन्म १८६७ सालचा, परभणीकडच्या पुरजळ गावचा. गुलबर्ग्यात शिक्षण घेऊन ते वकील झाले, हैदराबादेत नावारूपाला आले आणि पुढे तिथल्याच उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. सुलतान बाजारात १८९२ पासून आर्य समाज होता. कोरटकर त्याचे आधारस्तंभ होते. वामनराव नाईक यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विवेकवर्धिनी ही शाळा उभी केली. वेदांचे भाष्यकार म्हणून पुढे ख्यात झालेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर तेव्हा हैदराबादेत चित्रकार म्हणून राहत होते. तेही याच मंडळींतले.

ही वस्ती कोठी, सुलतान बाजार, जांबाग या बाजूला का वाढली, याला कारण होते. शहर निजामाचे असले तरी ब्रिटिश रेसिडेन्सीभोवतीचे बाजार १९३३ पर्यंत रेसिडेंटच्या अखत्यारीत होते. निजामी हद्दीत सभा घ्यायची, व्याख्यान ठेवायचे तर आधी परवानगी काढावी लागे. ‘गश्ती निशाण ५३’ या हुकमाचा धाक मराठवाड्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्याला होता. रेसिडेन्सीच्या बाजारांत तो हुकूम चालत नसे. रस्त्याच्या एका बाजूला एक राज्य आणि दुसऱ्या बाजूला दुसरे, अशा ठिकाणी मराठी वकिलाने घर घेतले, त्याच्या आसऱ्याला भाचे-पुतणे आले आणि त्यांच्यासाठी शाळा आली. नव्या मराठी वस्तीची मुळे दरबारापेक्षा या शाळेत अधिक सापडतात.

सरकारी नोकरीत या लोकांच्या बाजूने एक नियम होता. राज्याचा रहिवासी तो मुल्की, बाहेरचा तो गैरमुल्की. १९१९ च्या फर्मानाने हा भेद पक्का केला. नोकरी मुल्कीला, आणि बाहेरच्याला मुल्की ठरायचे असेल तर १५ वर्षांची वस्ती दाखवावी लागे. मुखेडचा मराठी मुलगा जन्माने मुल्की. पुण्याहून आलेला पदवीधर मात्र मराठीच असूनही गैरमुल्की. कागदोपत्री हैदराबाद मुखेडकराचे घर होते आणि पुणे परमुलूख.

पण कागदावरचा हक्क वापरायला उर्दू यावी लागे. १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. कोर्टातली फिर्याद, तहसीलचा जबाब, शाळेतले गणित हे सारे उर्दूत होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर वैद्यक आणि अभियांत्रिकीही उर्दूतून शिकवत. त्यासाठी इंग्रजी ग्रंथांचे भाषांतर करणारे एक स्वतंत्र खातेच निजामाने आदल्या वर्षी उभारले होते. देशी भाषेत उच्च शिक्षण देणारे भारतातले हे पहिले आधुनिक विद्यापीठ म्हणून त्याचा गौरव होतो. तो गौरव खरा आहे, पण कंधार-मुखेडच्या मुलाला ती देशी भाषा इंग्रजीइतकीच मेहनतीने शिकावी लागे हेही तितकेच खरे आहे. घरात मराठी, कचेरीत उर्दू, भाजीवालीशी आणि घरमालकाशी तेलुगू अशा तीन भाषांत त्याचा दिवस जाई. मुखेड-देगलूरकडच्या माणसाला त्यातली तेलुगू, आणि शिवाय कानडीही, गावाकडूनच कानावर पडलेली असे. हा सीमेवर जन्मल्याचा फायदा पुण्याच्या माणसाला नव्हता.

मराठी टिकवायची तर ती सरकारी शाळेच्या बाहेर टिकवावी लागणार, हे या कुटुंबांनी लवकर ओळखले. लक्ष्मणराव फाटक यांनी १९२० साली ‘निजाम विजय’ हे साप्ताहिक काढले. मराठी ग्रंथसंग्रहालय १९२२ चे. १९३१ साली महाराष्ट्र साहित्य संमेलन हैदराबादेत भरले आणि ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर त्याचे अध्यक्ष होते. जिथे सभेलाही परवानगी लागे, त्या शहरात मराठी लेखकांचा मेळावा भरवणे ही साधी गोष्ट नव्हती. राजकारणाची दारे बंद असताना साहित्य, ग्रंथालय आणि शिक्षण या वाटांनी लोक एकत्र येत. मराठवाड्याच्या राजकीय मागण्यांसाठीची महाराष्ट्र परिषद १९३७ मध्ये परतूरला भरली, तेव्हा तिच्यामागे अशा वाचनालयांतून तयार झालेली माणसे होती.

बिऱ्हाडाचे खरे काम मात्र मुलांना ठेवून घेण्याचे होते. गावाकडून आलेला मुलगा मामाकडे, काकाकडे किंवा नुसत्या ओळखीवर वकिलाच्या घरी उतरे. नरहर कुरुंदकर हे याचे सर्वांत चांगले उदाहरण. हिंगोलीकडच्या नांदापूरचा हा मुलगा हैदराबादला शिकायला गेला तो मामांकडे. मामा म्हणजे डॉ. नारायण गोविंद नांदापूरकर, उस्मानियात मराठीचे प्राध्यापक, मुक्तेश्वर आणि मोरोपंत या कवींच्या महाभारतांचा तौलनिक अभ्यास करणारे. कुरुंदकर सिटी कॉलेजात जात. परीक्षेत ते वारंवार नापास झाले, पण मामांच्या घरातली पुस्तके आणि तिथल्या चर्चा त्यांनी सोडल्या नाहीत. पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य आणि महाराष्ट्राने कान देऊन ऐकलेला विचारवंत या माणसातून घडला. उर्दू आणि इस्लामी इतिहास यांविषयी ते ज्या सहजतेने बोलत, त्या सहजतेच्या मागे ही हैदराबादची वर्षे आहेत.

सेतुमाधवराव पगडींचेही तसेच. त्यांचा जन्म १९१० चा, निलंग्याचा. निलंगा, उदगीर आणि अहमदपूर तेव्हा बीदर जिल्ह्यात होते. आजच्या लातूरचा तो भाग. पगडी हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत अधिकारी झाले. नोकरीने त्यांना आदिलाबादच्या जंगलात नेले तर ते गोंडी आणि कोलामी शिकले. दप्तरांनी फारसी कागद समोर ठेवले, तर त्यांतून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने मराठीत आणली. पुण्यात वाढलेल्या इतिहासकाराला ही तयारी मुद्दाम करावी लागली असती. पगडींच्या बाबतीत ती नोकरीच्या ओघात झाली.

या घरांतले सारे काही गोड नव्हते. १९३८ च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या वसतिगृहात मुलांनी ‘वंदे मातरम्’ म्हटले आणि त्या गाण्यावर बंदी आली. ही ठिणगी हैदराबादला उस्मानियाच्या वसतिगृहांत पोचली. शेकडो विद्यार्थ्यांची नावे काढून टाकली गेली. त्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. ज्या मुलाला उर्दू शिकवून, शहरात ठेवून, नोकरीच्या आशेवर वाढवले, तो एका गाण्यासाठी परराज्यात निघाला. घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे तेव्हा सरळ प्रश्न होता: सरकारी पगार की मुलगा? पगार घेणारे वडील आणि सत्याग्रहात जाणारा मुलगा एकाच छपराखाली, हे चित्र त्या दशकात नवलाचे राहिले नाही. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या दहशतीने नांदेड जिल्ह्यातली गावे ओस पडू लागली, कित्येक कुटुंबे वऱ्हाडाच्या हद्दीत उमरखेडकडे गेली. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने निजामाचे राज्य संपले.

त्यानंतरची आठ वर्षे हैदराबादेतल्या मराठी माणसाला सर्वांत अनुकूल होती. १९५२ ला निवडून आलेल्या पहिल्या विधानसभेचे अध्यक्ष काशिनाथराव वैद्य. मुख्यमंत्री बुर्गुला रामकृष्णराव यांच्या मंत्रिमंडळात नांदेड जिल्ह्याचे दिगंबरराव बिंदू गृहमंत्री, कोरटकरांचे पुत्र विनायकराव विद्यालंकारही मंत्री. सभागृहात तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू बोलली जाई. नेमक्या त्याच वर्षी शहर मुल्की-गैरमुल्कीच्या वादाने पेटले. पोलीस कारवाईनंतर बाहेरून आणलेल्या नोकरदारांविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर आले आणि सप्टेंबरात सिटी कॉलेजजवळ गोळीबार होऊन माणसे मेली. मराठवाड्याचा माणूस त्या वादात मुल्कीच्या बाजूला मोडत होता.

१ नोव्हेंबर १९५६ ला ही बाजूच उरली नाही. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कन्नड जिल्हे म्हैसूरला, तेलंगण आंध्र प्रदेशात. नांदेड जिल्ह्याचेही लचके तुटले: देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे, मुधोळकडची मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे पलीकडे गेली. मुखेड अलीकडे राहिले. भाषेच्या न्यायाने हे बरोबरच झाले आणि त्यासाठी मराठवाड्याने मनापासून हात वर केला होता. पण जांबागच्या गल्लीत चाळीस वर्षे नांदणारे मराठी कुटुंब एका रात्रीत परप्रांतात गेले. घर तेच, शाळा तीच, गाव मात्र दुसऱ्या राज्यात.

मग वाटा फुटल्या. अनेक वकील मुंबईच्या उच्च न्यायालयाकडे वळले. सरकारी नोकरांना राज्य निवडावे लागले. पगडी मुंबईला आले आणि पुढे महाराष्ट्राच्या गॅझेटिअरचे काम त्यांनी पाहिले. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज आणि १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघाल्यावर मुलाला हैदराबादला पाठवण्याचे मुख्य कारण संपले. १९८१ ला औरंगाबादला खंडपीठ आले आणि अपिलासाठीचा लांबचा प्रवासही टळला. तरी सगळे परतले नाहीत. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ, ज्यांचे नाव आज नांदेडच्या विद्यापीठाला आहे, १९७२ साली हैदराबादेतच वारले, आणि त्यांचे स्मारक बेगमपेठेत आहे. राहिलेल्यांनी मराठी साहित्य परिषद चालवली. तिचे ‘पंचधारा’ हे नियतकालिक मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू आणि हिंदी या पाच प्रवाहांवरून नाव घेऊन निघाले. विवेकवर्धिनी आजही जांबागला आहे, कोरटकरांच्या नावाने १९४० मध्ये निघालेली केशव मेमोरियल नारायणगुड्याला आहे, पण त्यांच्या वर्गांत मराठीपेक्षा तेलुगू घरांतली मुले अधिक आहेत. मुल्कीचा नियम १९७३ मध्ये रद्द झाला, तेव्हा तो तेलंगण आणि आंध्र यांच्यातला वाद होता आणि मुखेडला त्याच्याशी देणेघेणे उरले नव्हते.

हैदराबादशी देणेघेणे मात्र संपलेले नाही. मुखेड, देगलूर, कंधार या कोरडवाहू तालुक्यांतून सुगी संपली की कुटुंबेच्या कुटुंबे शहराच्या बांधकामांवर जातात. मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ, देगलूरवरून सरळ रस्ता आहे. पूर्वी वकिलाच्या घरी भाच्याला जागा होती. आजच्या मजूर कुटुंबाला इमारतीच्या पायथ्याशी पत्र्याची खोली मिळते आणि मुलाची मराठी शाळा अर्ध्या वर्षात सुटते. जवळची सरकारी शाळा तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमाची असते, आणि पावसाळ्यात गावी परतल्यावर मूल पुन्हा त्याच इयत्तेत बसते किंवा बसतच नाही. कोरटकरांच्या पिढीने अशा परगावी आलेल्या मुलांसाठी पहिल्यांदा शाळाच काढली होती. आजच्या बांधकामांवरच्या मुलांसाठी तेलंगण आणि महाराष्ट्र या दोन्ही सरकारांनी मिळून मराठी वर्ग चालवणे अवघड नाही. पुस्तके आणि शिक्षक नांदेडहून रात्रीच्या गाडीने पोचू शकतात.